दिवाळीपासून कावळा शिवला नाही

१८ डिसेंबर १९६०

यांच्या ऑफिसातून जानेवारीत मिळालेली ही डायरी आजपर्यंत कोरीच होती. "दुधाचा हिशेब लिहीत जा," म्हणून मला दिली होती. दूधवाल्याशी माझं तोंडी भांडण बरं चालतं, लिहायची कधी गरज पडली नाही. आज काढली, कारण डोक्यात एक गोष्ट शिरली आहे आणि ती सांगायला घरात कोणी नाही. यांना सांगितली तर घर डोक्यावर घेतील. अनंत भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, त्यांना तर सांगायचा प्रश्नच नाही. उरली आमची सुमेधा. आणि गोष्ट तिचीच आहे.

लोणच्याच्या बरणीला नवं फडकं बांधत होते. मी बाहेर असले की बरणीला हात लावत नाही, तेव्हा ती सुमी काढून देते. सुमी बाहेर असली की मी. तेवढ्यावरून सहज मनात आलं, सुमीला शेवटचा कावळा शिवला कधी? दिवाळीत. लक्ष्मीपूजनाला ती मागच्या पडवीत पोत्यावर बसली होती आणि दिवे मी एकटीनं लावले होते, ते पक्कं आठवतं. त्यानंतर? आठवून आठवून थकले. त्यानंतर ती बाहेर बसलेलीच नाही.

सोळा वर्षांची पोर, मॅट्रिकचं वर्ष, अशक्तपणा असेल. अभ्यासानं पोरींचं रक्त आटतं असं आर्णीची अक्का, माझी थोरली बहीण, म्हणते. उद्या खजूर आणते.

२१ डिसेंबर

बाबाराव मास्तर संध्याकाळी सुमीला गणित शिकवायला येतात. आज चहा घेताना म्हणाले, "वहिनी, पोरगी लय सुधरली. दिवाळीपासून एक खाडा नाही. आधी दर महिन्याले चार दिवस बुडे, अन् मागचं सारं पुसून जाय." मी नुसती हसले. मास्तर एकटा जीव, त्यांना काय सांगणार ते खाडे कशाचे होते! आमच्याकडे त्या दिवसांत शाळा नाही आणि पुस्तकालाही शिवायचं नाही. पुस्तक म्हणजे सरस्वती. सासूबाईंनी घालून दिलेली रीत आहे. त्या गेल्या तरी यांनी ती सोडलेली नाही.

मास्तर गेल्यावर सुमीपाशी बसले. सरळ विचारायला जीभ रेटेना. "काय गं, कावळा रुसला का तुझ्यावर?" म्हटलं, थट्टेत.

तिनं वहीतून मान वर केली नाही. "झालं की. तू आर्णीला गेलती तेव्हाच."

जिवात जीव आला. अक्काच्या सुनेच्या डोहाळजेवणाला मागच्या पंधरवड्यात मी गेले होते, चांगले चार-पाच दिवस राहिले होते. तेव्हाच झालं असेल. मी पण काय एकेक मनात आणते! खजूर आणलाच आहे, तर खाऊ दे.

२३ डिसेंबर

अनंत भाऊजींची जीभ सैल आहे हे मला माहीत होतं, पण आज तिनं माझा जीव घेतला. जेवताना म्हणाले, "वहिनी, तुम्ही आर्णीला अजून आठ दिवस राहिल्या असत्या तरी आमचं काही अडलं नसतं. सुमीनं काय स्वयंपाक केला! दोन्ही वेळ गरम गरम वाढलं."

"रोज?" मी विचारलं.

"रोज. खानावळीचं तोंड पाहिलं नाही. फक्त देवाचं माझ्या गळ्यात टाकलं होतं. म्हणे, काका, देव तुम्ही पाहा, मी चूल पाहते."

मी हातातली पोळी तशीच ठेवली. चुलीपाशी होती म्हणजे बाहेर नव्हती. बाहेर नव्हती तर मग "झालं की" कशाला म्हणाली? पोरगी माझ्या तोंडावर खोटं बोलली, आणि असल्या गोष्टीत कोणी उगीच खोटं बोलत नाही.

पुढचं लिहवत नाही. लिहिलं की खरं होईल असं वाटतं.

२६ डिसेंबर

घरमालकांचा नंदकिशोर नागपूरला सायन्सला आहे. नाताळच्या सुट्टीत आला आहे. दिवाळीतही आला होता. दिवाळीत! आज तो विहिरीपाशी उभा राहून सुमीशी बोलत होता. तिला एक जाड पुस्तक दिलं. तिनं ते ओच्यात लपवल्यासारखं घेतलं आणि हसली. घरात हसते का अशी कधी? घरात विचारलं तर हो नाहीतर नाही.

मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. भांडी घासायला येणारी शकुबाई म्हणाली, "बाई, दाने फेकून राह्यल्या तुमी अन् टरफलं टोपल्यात टाकून राह्यल्या. ध्यान कुठी हाय?"

ध्यान कुठं आहे ते शकुबाईला काय सांगू! त्या मुलाला लहानपणी मी साखरभात भरवला आहे. त्याच्याकडे बघून मला आज राग आला, आणि मग राग आल्याचा राग आला. मनाला म्हणते, अगं, नुसतं पुस्तक दिलंय. मन ऐकत नाही. मोकाट सुटलेल्या वासरासारखं तिकडेच धावतं.

१ जानेवारी १९६१

नवी डायरी यांनी अजून आणलेली नाही, म्हणून जुनीचीच कोरी पानं वापरते. चार दिवस मी बाहेर होते, त्यामुळे वहीला हात नव्हता. पडवीत बसून स्वयंपाकघराकडे बघत राहायचं, दुसरं काम काय! सुमी चुलीशेजारी भूमितीचं पुस्तक उघडं ठेवून पोळ्या लाटत होती. ओठ हलत होते. एक पोळी करपली, तर यांनी बाहेरून आवाज दिला, "लक्ष कुठे आहे?" दुपारी मास्तरांनी दिलेली गणितं झाली नाहीत म्हणून ती रडली. मी लांबून नुसतं "रडू नको" म्हटलं. जवळ घेता येत नव्हतं.

खरं सांगू का? जवळ घेता येत नव्हतं ते बरंच झालं असं क्षणभर वाटलं. घेतलं असतं तर विचारून बसले असते.

९ जानेवारी

आज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तिनं न्हाणीत गार पाण्यानं आंघोळ केली. इतक्या थंडीत! मग पोट धरून बसली होती, चेहरा पांढराफटक. "काय होतंय?" तर म्हणे, "वांगी बाधली." जेवली नाही. शाळेत मात्र गेली.

संध्याकाळी देवापाशी दिवा लाव म्हटलं, तर अभ्यास आहे म्हणाली. जेवताना लोणचं काढ म्हटलं, तर "तूच काढ, माझ्या हाताला शाई आहे." हात तर स्वच्छ होते. आईनं सांगितलेलं एक काम करायचं नाही, असा हिनं विडाच उचलला आहे. उलट उत्तर नाही, भांडण नाही, नुसतं गुळगुळीत नाही म्हणायचं. त्यापेक्षा भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडायला मी कमी नाही.

वर आणि चोरी. गोधडीसाठी माझं जुनं मऊ लुगडं बाजूला ठेवलं होतं, त्याचा अर्धा भाग कोणीतरी फाडून नेला. शकुबाईवर तोंडसुख घेतलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मले तुमच्या फाटक्या लुगड्याचं काय करा लागते, बाई? घरात इचारा आधी." घरात कोणाला विचारू? भाऊजींना?

पोट धरून बसलेली ती डोळ्यापुढून जात नाही. सकाळची वेळ, जेवणावर वासना नाही. मी दोन वेळा बाळंत झाले आहे, एक गेलं, ही राहिली. मला कळत नाही असं नाही.

१५ जानेवारी

संक्रांतीला तीळगूळ केला. तीळ उष्ण, म्हणून सुमीच्या हातात लाडूवर लाडू ठेवत होते. "आई, पुरे आता," म्हणाली. मी म्हटलं, "खा." इतकं कडक म्हटलं की ती बघतच राहिली. संक्रांतीला गोड बोलायचं असतं.

यांना सांगायचं धाडस नाही. डॉक्टरकडे न्यायचं धाडस नाही. या गावात दवाखान्याच्या ओसरीवर बसलं की संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी. तिला सरळ विचारायचं? विचारलं आणि ती "हो" म्हणाली तर? त्या "हो"चं मी काय करू? विचारलं नाही तोवर निदान अर्धं घर उभं आहे.

अक्कानं आर्णीचं एक स्थळ सांगितलं होतं. कापसाची अडत, घरचं दूधदुभतं, मुलगा अठ्ठावीसचा. घाईत आहेत, माघातच उरकायचं म्हणतात. तेव्हा मी उडवून लावलं होतं. आज अक्काला निरोप धाडला, येऊन मुलगी बघा.

निरोप घेऊन माणूस गेला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मीच, जिनं सुमीला हायस्कुलात घालायला यांच्याशी अबोला धरला होता.

२२ जानेवारी

हे चक्रावले आहेत. "तूच तर भांडून तिले शाळेत घातलं. दीड महिन्यावर मॅट्रिक, अन् तूच आता लग्न काढून राह्यली? काहून?"

"चांगलं स्थळ आहे, हातचं जाईल."

"काही लपवून तर नाही राह्यली तू?"

"काय लपवायचं?" म्हटलं मी, आणि भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं. यांनी मिठाचा डबा माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाले, "बघून जाऊ दे. बघायला काय जाते." माणूस वाईट नाही. राग नाकावर आहे एवढंच.

पाच फेब्रुवारीला, रविवारी येणार.

३० जानेवारी

चार दिवस वही बंद होती, आज लिहिते. सुमीला आज सकाळीच सांगितलं. वाटलं होतं, आदळआपट करेल. तिनं फक्त विचारलं, "परीक्षा?"

"तिकडून देता येईल."

"आर्णीहून?"

मी तव्यावरची पोळी उलटली.

"आई, मी काय केलं?"

हा प्रश्न तिनं विचारायचा? मला विचारायचा? संताप असा आला की हातातलं उलथनं आपटलं. "ते तुला माहीत!" म्हणून बसले. ती माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिली, जणू मी परक्या भाषेत बोलत होते. साळसूद! मग उठून पुस्तक घेऊन पडवीत गेली. गेली ती तिथेच, पोत्याच्या जागेवर जाऊन बसली.

६ फेब्रुवारी

काल जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

आर्णीचे लोक आले. मुलगा, त्याची आई, आणि आजी. आजी सोवळ्याच्या. बैठकीत पाट स्वतः झटकून बसल्या. त्यांना परक्या घरचं शिजवलेलं चालत नाही, म्हणून मी चांदीच्या वाटीत वेगळं दूध तापवून ठेवलं होतं. बाकीच्यांना पोहे. सुमीला हिरवं लुगडं नेसवलं. ताट तिच्या हातात देताना तिचे हात थंडगार लागले. मी म्हटलं, "नीट चाल." एवढंच बोलले.

मी माजघराच्या दाराआड उभी. तिनं सगळ्यांना पोहे दिले. आजींपुढे दूध ठेवलं, वाकून नमस्कार केला, लांबूनच. आजींनी तिचं नाव विचारलं, कितवीत आहेस विचारलं, दुधाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "गळ्यात गोडवा आहे हो. देवाचं काही म्हणता येतं का?"

सुमी म्हणाली, "येतं. पण आज नाही म्हणता येणार."

"काहून गं?"

"मी बाहेरची आहे, आजी. दुसरा दिवस आहे. ते दूध पिऊ नका."

खणखणीत आवाजात. हे तिथे, भाऊजी तिथे, परका मुलगा तिथे. जी गोष्ट मी तिला एकांतात कावळ्याआडून विचारली, ती तिनं भर बैठकीत सांगितली.

आजींच्या हातून वाटी सुटली. "शिवा शिवा! विटाळ पाजला की मले! पाणी काढा, पाणी काढा!" म्हणत त्या नेसत्या लुगड्यानिशी विहिरीकडे धावल्या. मुलाची आई त्यांच्यामागे. हे "अहो, ऐका तरी" करत तिसरे. मुलगा मात्र पोहे खातच राहिला. भूक लागली असावी बिचाऱ्याला.

आणि मी? मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. खांबाला धरून खाली बसले आणि हसता हसता रडायला लागले. विहिरीवर म्हातारी माघाच्या गारठ्यात बादलीवर बादली ओतून घेत होती, आमची अब्रू आर्णीपर्यंत जाणार होती, आणि मी देवाला हात जोडत होते. सुमी बाहेरची आहे! पोरगी माझी बाहेरची आहे!

पाहुणे गेल्यावर हे माझ्यावर धावून आले. "तुले माहीत नव्हतं? आई ना तू तिची?" मी सांडलेलं दूध पुसायला घेतलं. बरोबरच विचारलं होतं त्यांनी.

७ फेब्रुवारी

सुमीला पडवीत बसवली आहे, यांचा हुकूम. "आता सारं कडक पाळायचं." आज हे ऑफिसला गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं पोतं थोडं मागे ओढलं, मला विटाळ होऊ नये म्हणून. मी तरीही सरकले.

मग तिनं सांगितलं. दिवाळीपासून दर महिन्याला येत होतं, वेळच्या वेळी. मी आर्णीला होते तेव्हाही. फक्त ती बसली नाही. "चार दिवस माझे, अन् चार दिवस तुझे, तेव्हा स्वयंपाक माझ्याकडे. महिन्यातले आठ दिवस जातात, आई. सहामाहीत जे प्रमेय आलं ते मास्तरांनी त्याच दिवसांत शिकवलं होतं. अन् दिवाळीत ते गल्लीतलं शेंबडं पोरगं सगळ्यांसमोर ओरडलं, सुमेधाताईला कावळा शिवला. नंदूदादा अन् त्याचे मित्र उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं." नंदूदादानं दिलेलं ते पुस्तकही तिनं आणून दाखवलं. जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, सोडवलेल्या.

"पण देवाला शिवले नाही," ती म्हणाली. "लोणच्यालाही नाही. तेवढं पाळलं मी. फक्त तुझं लुगडं फाडलं, ते सांगायचं राहिलं."

सगळं माझ्या डोळ्यांसमोरच तर होतं. गार पाणी, दिवा, शाई नसलेले हात. मी एकेक गोष्ट पाहिली आणि सगळ्या मिळून भलतंच वाचलं. शकुबाईचीही माफी मागायला हवी.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. ती जरा वेळानं म्हणाली, "पण मी बसले नाही एवढ्यासाठी तू स्थळ काहून आणलं?"

मी उठले. म्हटलं, दूध उतू जाईल. शेगडीवर दूध नव्हतंच. परत येऊन बघते तर ती तशीच बसलेली, माझ्या रिकाम्या हातांकडे बघत. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. बोलले नाही मी एक शब्द, देवाशपथ. तरी तिला कळलं. चेहरा कसा दगड झाला.

"तुला असं वाटलं?" एवढंच म्हणाली. आणि पोतं उचलून पडवीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

१७ फेब्रुवारी

बोलते, पण कामापुरतं. मीठ हवं का, पाणी तापलं. आई म्हणत नाही. "ऐकलं का" म्हणते, जसं मी यांना म्हणते. मी तिच्या आवडीचं भरीत केलं, तिनं खाल्लं, ताट उचललं, गेली. रागावली असती तर मी समजावलं असतं. यावर काय समजावणार? माझ्या मनात जे आलं ते तिच्यावरच्या अविश्वासानं आलं नव्हतं, भीतीनं आलं होतं, असं सांगायला गेले की पुन्हा तेच तोंडावर आणावं लागतं.

परीक्षा मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. तिचे दिवसही तेव्हाच येतील. यांचं "कडक" कायम आहे.

२२ फेब्रुवारी

आज मी लिहायला नको. आज मी वहीला शिवायलाच नको. तरी लिहिते आहे.

पहाटे जाग आली तेव्हाच कळलं. अंथरुणात पडून राहिले. आता उठून पडवीत जायचं, पोतं अंथरायचं, आणि सुमीनं भूमिती मिटून चूल पेटवायची. आज तिचा सरावाचा पेपर आहे, मास्तर घेणार आहेत. आणि पुढच्या महिन्यात ती पोत्यावर असेल, आणि शाळेत पेपर वाटले जात असतील.

उठले. न्हाणीत गेले. गार पाण्यानं आंघोळ केली. कसं सोसते पोर ते कळलं. आणि स्वयंपाकघरात जाऊन चूल पेटवली. दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटत होतं. कणीक मळायला घेतली. काही झालं नाही. कणीक कणकेसारखी झाली.

सुमी आली. माझे ओले केस पाहिले, दांडीवर वाळत घातलेलं रात्रीचं लुगडं पाहिलं, मग चुलीपुढे मी. दारातच थबकली. मी मान वर केली नाही. म्हटलं, "उभी काय? अभ्यासाला बस. आज पेपर आहे ना?"

ती हलली नाही. तेवढ्यात यांनी बैठकीतून आवाज दिला, "अगं, देवाची फुलं आणली का?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. देवाला शिवायचं धाडस माझ्यात अजून नाही.

"आईचे हात कणकेत आहेत, बाबा," सुमी म्हणाली. "मी आणते."

फुलं तोडून ती परत आली, देवापाशी ठेवली, दिवाही लावला. मी यांचं पान वाढत होते. भात, वरण, भाजी. सवयीनं बरणीकडे हात गेला आणि तिथेच थांबला.

तिनं माझ्या पुढून बरणी उचलली. "राहू दे," हळूच म्हणाली, बाहेर ऐकू जाणार नाही इतकं हळू. "लोणचं मी काढते, आई."